आचारी जेवायला बसतो

फेब्रुवारी अर्धा सरला की राजुरीत हवेलाच गोडी येते. बागेच्या मांडवाखाली वाकून शिरलं की डोक्याला घड लागतात. मण्यांत साखर उतरलेली असते आणि पानांतून येणारं ऊन हिरवट होऊन अंगावर पडतं. तोडणीच्या बायांच्या कात्र्या एका लयीत वाजत असतात. नारायणगावच्या रस्त्याला क्रेट भरलेल्या गाड्यांची रांग लागते. त्याच रस्त्याच्या कडेनं शाळेतली पोरं काखेत परीक्षेचं पॅड मारून, तोंडातल्या तोंडात सनावळ्या घोकत चाललेली असतात. यंदाही सगळं तसंच आहे. मी बांधावर उभा राहून एक मणी तोंडात टाकला. कुणाला वाटेल, याला द्राक्षाची चव आली असणार. मला आली गवती चहाची, चिंचेची आणि पातळ पेजेची. दोन हजार दोन सालचा हंगाम अजून असा जिभेवर येतो.

माझा धंदाच असा की शाळांना सुट्टी लागली की मला काम, आणि शाळा भरल्या की मला सुट्टी. पुण्याच्या एका सहल कंपनीत मी आचारी. दिवाळीत आणि मे महिन्यात चाळीस-पन्नास माणसं घेऊन कंपनी सिंगापूर, बँकॉक, काठमांडू, कोलंबो अशी फिरायची, आणि त्या माणसांच्या मागोमाग मी. बरोबर दोन मोठे कुकर, पोळपाट-लाटणं, बेसनाची पिशवी आणि गोडा मसाला. आपली माणसं हौसेनं समुद्र ओलांडतात, उंच इमारतींपुढं उभं राहून फोटो काढतात, आणि दिवस कलला की त्यांना पिठलं-भात आठवतो. सिंगापूरला एका निवृत्त हेडमास्तरांनी माझ्या थालीपिठाचा पहिला घास घेतला आणि चष्मा काढून डोळे पुसले. मी त्यांना हसलो नाही. परक्या मुलुखात ओळखीचा वास आला की माणसाचा जीव कसा जागेवर येतो, ते मी नऊ वर्षं बघत होतो.

पण खुद्द माझं काय? मी बँकॉकला अकरा वेळा गेलो होतो. त्यातलं काय पाहिलं विचाराल तर हॉटेलांची मागची दारं. भाजीचे खोके उतरतात ती जागा, गॅसच्या टाक्या, भांडी घासायची मोरी, आणि तिथल्या कामगारांचे हसरे चेहरे. ते माझ्या फोडणीला शिंकायचे आणि मी त्यांच्या माशाच्या वासाला नाक मुरडायचो. जेवायचो सगळ्यात शेवटी, उभ्यानं, कढईला लागलेलं. तेही माझंच पिठलं. आचाऱ्याला बसून खायची सवय नसते. त्याचं लक्ष दुसऱ्याच्या ताटाकडं असतं.

हे मला तोंडावर सांगितलं शांतिलालशेठनी. नारायणगावच्या पेठेत त्यांचं किराणा मालाचं दुकान. तीन पिढ्यांमागं त्यांचं घराणं मारवाडातून आलं, पण शेठ बोलतात आमच्यासारखंच. प्रत्येक सहलीचा माझा माल त्यांच्याकडूनच. हिंग काढून देताना ते दर वेळी एकच विचारायचे, "दत्ताभाऊ, तिकडचे लोक काय खातात?" कांदा-लसूण नाही, कंद नाही, दिवस मावळल्यावर अन्न नाही. इतक्या नेमाचा माणूस दुकान सोडून कुठं जाणार? त्यांचा सगळा प्रवास माझ्या तोंडून व्हायचा. आणि मी काहीतरी थातुरमातुर सांगून वेळ मारून न्यायचो.

त्या वर्षी जानेवारीत त्यांनी मला धरलं. "तिकडच्या आमटीत काय घालतात, तेवढं तरी सांग."

मी म्हटलं, "शेठ, खरं सांगू? मी खाल्लंच नाही कधी."

त्यांच्या हातातली पुडी तशीच राहिली. "अकरा वेळा गेलास ना रे? मी खाऊ शकत नाही, माझा नेम आहे. तुला कुणी बांधलंय?"

मी माल पिशवीत भरला आणि निघालो. राजुरीला परत येताना जीपमध्ये मागच्या बाकावर दाटीवाटीत बसून मी तेवढाच विचार करत होतो. मला कुणी बांधलं होतं?

घरी आल्यावर मंगलला, माझ्या बायकोला, म्हटलं, "एकट्यानंच जाऊन यावं म्हणतो. काम नाही, माणसं नाहीत. नुसतं खायला."

ती तांदूळ निवडत होती. तिचं माहेर शिनोलीचं, घरचा तांदूळ, त्यामुळं निवडताना ती सहसा मान वर करत नाही. त्या दिवशी केली. "जावा की. पण एक ऐका. तिथं कुणाला वाढायला उठू नका."

"म्हणजे?"

"म्हणजे काय? आपल्या लग्नात पंगतीला बसलेले तुम्ही उठून जिलेबी वाढायला लागला व्हता. मी बघितलंय."

अण्णांना सांगणं मात्र सोपं नव्हतं. अण्णा म्हणजे माझे वडील. आमची बाग ते आणि धाकटा भाऊ संपत बघायचे, आणि तोडणीच्या दिवसांत घरातला प्रत्येक हात तिथं लागायचा. माझं आणि अण्णांचं बोलणं तसंही बेताचंच. मी पंधरा वर्षांचा असताना आई गेली. सतराव्या वर्षी मी शाळा सोडून नारायणगावात एस.टी. स्टँडजवळच्या मामाच्या खानावळीत कामाला लागलो, आणि तेव्हापासून अण्णांनी माझ्या हातचं खाल्लं नव्हतं. गावातल्या लग्नांना मी आचारी असलो की ते यायचे, अक्षता टाकायचे, पाणी प्यायचे आणि निघून जायचे. घरी मी सणाला काही केलं तर म्हणायचे, "आज पोटात जागा न्हाई." लोक समजायचे, बागायतदाराचा थोरला पोरगा चुलीपुढं बसतो, त्याची म्हाताऱ्याला लाज वाटते. मीही तेच समजत होतो. बावीस वर्षं.

"द्राक्षाच्या तोंडावर?" अण्णा एवढंच म्हणाले.

"पंधरा दिवसांत येतो. संपतला मी बोललोय."

"काम हाय का तिकडं?"

"नाही. खायला चाललोय."

अण्णांनी टोपी डोक्यावर चढवली. मग कात्री घेऊन ते मांडवात शिरले. पाठमोरेच म्हणाले, "आपल्याकडं उपाशी ठेवलं व्हतं जणू."

बँकॉकला उतरलो ते एका स्वस्त लॉजवर. पहाटे चारला सवयीनं जाग आली. हात कणिक शोधत होते. चाळीस माणसांचा चहा नाही, उपमा नाही, "मिरची कमी घाला हो" म्हणणारं कुणी नाही. खाटेवर बसून राहिलो. उजाडल्यावर चालत सुटलो.

कालव्याच्या काठाला एक गाडी लागली होती. साठीची बाई, डोक्यावर गवताची टोपी, पुढं उकळतं पातेलं. शेजारी तिची सून भांडी विसळत होती. मी बोट दाखवलं. बाईनं वाडगा भरून पुढं ठेवला. लालसर पातळ रस्सा, त्यात कोळंबी, वर हिरवी पानं. पहिल्या चमच्याला ठसका लागला. आंबट, तिखट आणि त्यामागून हळूच येणारा एक वास, अगदी ओळखीचा. मी वाडग्यात चमचा फिरवला तर चमच्याला दांडी लागली. गवती चहा! आमच्या घरी पावसाळ्यात सर्दी झाली की जो चहात पडतो, तोच गवती चहा या लोकांनी कोळंबीच्या आमटीत टाकला होता. मला इतका आनंद झाला की मी ती दांडी तोंडात घालून चावू लागलो. चावतोय, चावतोय, संपेचना. बाईनं कपाळावर हात मारला, सुनेला हाक मारून दाखवलं, आणि दोघी हसत सुटल्या. मग बाईनं स्वतः थुंकून दाखवलं, की हे टाकायचं असतं बाबा. नऊ वर्षं सहलींत नावाजलेला आचारी मी, आणि खायला पहिल्या इयत्तेपासून शिकत होतो.

खाऊन झाल्यावर मी वाडगा उचलला, सुनेच्या बादलीपाशी उकिडवा बसलो आणि विसळायला लागलो. बाई केवढ्यांदा ओरडली! वाडगा माझ्या हातातून हिसकावला, दोन्ही खांद्यांना धरून मला स्टुलावर नेऊन बसवलं आणि बोट रोखून काहीतरी बोलली. भाषा कळली नाही, पण मंगलच बोलतेय असं वाटलं.

मी पाच दिवस तिच्याकडंच जात राहिलो. ती मला "इंडिया" म्हणायची. तिच्या टेबलावर चार बरण्या असायच्या. तिखट, साखर, मिरच्या घातलेला आंबट शिरका आणि माशाचं खारं पाणी. गिऱ्हाईक यायचं, एक चमचा चाखायचं आणि मग बरण्या उघडून आपल्या जिभेला लागेल तसं घालून घ्यायचं. पहिल्या दिवशी मला तो अपमान वाटला. माझ्या आमटीत कुणी वरून मीठ घेतलं तर माझा सगळा दिवस खराब जायचा. पण तिला त्याचं काहीच वाटत नव्हतं. तिनं रस्सा पाऊण वाटेपर्यंत आणून सोडायचा, पुढची वाट खाणाऱ्यानं चालायची. मला वाटायचं चव ही आचाऱ्याची मालमत्ता. इथं ती दोघांत वाटलेली होती, आणि त्यानं कुणाचं काही बिघडत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी ती लाकडी उखळीत कच्च्या पपईचा कीस कुटत होती. मिरची, शेंगदाणे, गूळ, लिंबू. उखळीचा तो धप-धप आवाज ऐकून माझे हात शिवशिवले. मी मुसळीला हात घातला. तिनं चमचा माझ्या बोटांवर हाणला. सून खो-खो हसली, शेजारच्या स्टुलावरचा रिक्षावाला हसला, आणि मग मीही. पाचव्या दिवशी मी चुलीकडं पाठ करून बसलो. मागं काय शिजतंय, कसं शिजतंय, करपतंय का, काही बघितलं नाही. समोर कालव्यातून होड्या चालल्या होत्या. मी जेवत होतो. वय वर्षं एकोणचाळीस, आणि असा मी किती वर्षांनी जेवलो होतो ते मला आठवेना.

तिथून आगगाडीनं दक्षिणेकडं निघालो. ती गाडी म्हणजे चालतं-बोलतं जेवणघर. प्रत्येक स्टेशनात बाया टोपल्या घेऊन खिडकीशी यायच्या. भाजलेली कोंबडी, केळीच्या पानातला भात. एकीनं बांबूची नळी दिली. सोलून बघतो तर आत नारळाच्या दुधात शिजवलेला चिकट भात. मी तो बोटांनी खात होतो आणि मंगलची आठवण येत होती. शिनोलीचा तांदूळ असाच शिजताना घरभर कळतो. समोर बसलेल्या आजोबांनी त्यांच्या पुडक्यातला आंबा कापून अर्धा माझ्या भातावर ठेवला. विचारलं नाही, पुसलं नाही. राजुरीत वाटसरूला "पावणं, घ्या की" म्हणून घड पुढं करतात, तसंच. मी "नको" म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. हे "नको" म्हणायचं खूळ मला तिथंच, त्या गाडीत सोडायचं होतं.

मलेशियाच्या किनाऱ्याला पेनांग नावाचं बेट आहे. तिथं मी उतरलो आणि हावरटासारखा सुटलो. एका दिवसात चिंचेच्या कोळातल्या माशाच्या शेवया, तमिळ भाऊंच्या हातची पापुद्र्याची रोटी, चिनी गाडीवरचे शिंपले, बर्फाचं गोड पाणी, आणि पुन्हा शेवया. शेठना सांगायला गोष्टी गोळा करायच्या होत्या ना! दुसऱ्या दिवशी पोटानं दंगा मांडला. दोन दिवस खोलीत आडवा. अंगात ताप, तोंडाला कोरड, आणि त्या परक्या छताकडं बघताना मनात आलं, अण्णा म्हणाले होते ते खरंच होतं. आपल्याला घरी काय कमी होतं?

लॉजचा मालक टॅन नावाचा म्हातारा चिनी माणूस. बनियन आणि अर्धी चड्डी, बोलणं जेवढ्यास तेवढं. आजारपणाच्या दुसऱ्या दुपारी तो दार न वाजवता आत आला. हातात मोठा वाडगा. पांढरी पातळ भाताची पेज, वर मुळ्याचं खारवलेलं लोणचं. त्यानं खुर्ची ओढली, वाडगा माझ्या मांडीवर ठेवला आणि समोर बसला.

"माय वाइफ कुक व्हेरी गुड," तो म्हणाला. "शी डाय. नाऊ आय कुक. व्हेरी बॅड. यू ईट."

मी एक चमचा घेतला. पेज खाली लागलेली होती. आचाऱ्याच्या जिभेला ते लगेच कळतं. मुळा इतका खारट की कान गरम झाले. म्हातारा गुडघ्यांवर हात ठेवून माझ्या तोंडाकडं बघत होता. मी खातोय का, मला आवडतंय का, की मी आता चमचा खाली ठेवणार. त्याच्या डोळ्यांत ती जी धाकधूक होती, ती मी कुठंतरी आधी पाहिली होती.

आणि मला आमचं स्वयंपाकघर दिसलं. आई गेल्यानंतरचं. अण्णा चुलीपुढं पाय दुमडून बसलेत. नांगर धरणाऱ्या त्या हातांना भाकरीचं पीठ ऐकत नाहीये. भाकरी एका कडेला जाड, दुसऱ्या कडेला करपलेली, मधे कच्ची. मी आणि संपत खाली मान घालून खातोय, आणि अण्णा आमच्या तोंडाकडं बघतायत. दोन वर्षं रोज. त्या दोन वर्षांत मी त्या भाकरीला एकदाही चांगलं म्हटलं नाही. वाईटही म्हटलं नाही. काहीच म्हटलं नाही.

"गुड," मी टॅनला म्हणालो. आणि पुढचा चमचा घेतला.

"नो गुड," तो म्हणाला, पण हसला. त्याचे पुढचे दोन दात नव्हते. "टुमॉरो, मोअर."

मी दोन दिवस त्याची ती लागलेली पेज खाल्ली आणि बरा झालो. निघताना त्यानं मुळ्याच्या लोणच्याची बाटली बांधून दिली. ती विमानात फुटली आणि माझे सगळे कपडे राजुरीपर्यंत त्या वासानं घमघमत आले.

नारायणगावला उतरून जीप पकडली ती घरी न जाता सरळ बागेत. भर दुपार होती. निम्मी बाग उतरली होती, रिकाम्या वेलींत ऊन शिरलं होतं. बाया पलीकडच्या ओळीत होत्या, संपत गाडी भरायला गेलेला. अण्णा एकटेच मांडवाखाली गोणपाटावर बसून घडातले खराब मणी कात्रीनं काढत होते.

"आलास?" त्यांनी नाक उचललं. "कसला रं वास ह्यो?"

"मुळ्याचं लोणचं. सांडलं."

"बस."

मी बसलो. शेजारची कात्री उचलली आणि एक घड घेतला. बराच वेळ दोघं मणी काढत राहिलो. मग अण्णांनी ते विचारलं जे त्यांनी नऊ वर्षांत कधी विचारलं नव्हतं. "काय खाल्लंस?"

मी सांगितलं. गवती चहाची दांडी चावली ते ऐकून त्यांच्या मिशीखाली हसू हललं. बाईनं बोटांवर चमचा मारला ते त्यांना फार पटलं. मग मी टॅनचं सांगितलं. बायको गेली, माणूस स्वतः रांधायला शिकला, पेज करपवली, खारट मुळा घातला, आणि समोर बसून तोंडाकडं बघत राहिला, हे सगळं.

अण्णांची कात्री थांबली.

"खाल्लीस?"

"सगळी."

ते बांधाकडं बघत होते. "माझी भाकर तुला गोड लागत न्हवती," ते म्हणाले. "म्हून तू मामाकडं गेलास. खानावळीतलं खायला. मला कळत व्हतं. लेकरू सतरा वर्साचं, त्याला रोज करपल्याली भाकर. कोन ऱ्हाईल?"

मला आधी कळलंच नाही ते काय म्हणतायत. कळलं तेव्हा हातातला घड खाली पडला.

"अण्णा, मी खायला नव्हतो गेलो."

"मग?"

"शिकायला गेलो होतो. तुम्हाला चुलीपुढं बसलेलं बघवत नव्हतं मला. म्हटलं, मी शिकून येतो, म्हणजे तुम्हाला नको थापायला. आणि शिकून आलो तर तुम्ही माझ्या हातचं खाईनात."

"आरं, खाऊ कसा? म्या जे दोन वर्सं करून घातलं, ते सोडून तू गेलास. मग तुझ्या हातचं ग्वाड-ग्वाड खायचं आन् मान हलवायची? मला लाज वाटायची."

बावीस वर्षं गाव म्हणत होतं, म्हाताऱ्याला पोराची लाज वाटते. लाज होती, पण ती त्यांच्याच भाकरीची. पलीकडच्या ओळीत बायांच्या कात्र्या वाजत होत्या. एक बाई गाणं म्हणत होती आणि दुसरी तिला म्हणत होती की असं नाही गं, तसं.

"भाकरी वाईटच व्हायच्या," मी म्हणालो. आता खरं बोलायचंच होतं.

अण्णांनी माझ्याकडं पाहिलं आणि ते मोठ्यानं हसले. इतक्या मोठ्यानं की पलीकडचं गाणं थांबलं. "लई वाईट व्हायच्या," ते म्हणाले. "तुझी आय आसती तर कुत्र्याला घातल्या आसत्या. पर मग हे सांगायचं न्हाई व्हय रं, गाढवा?"

विहिरीपाशी पपईचं झाड होतं. मी उठलो आणि एक कच्ची पपई तोडली. वस्तीवरच्या खोपटातून दगडी खलबत्ता आणला, बायांच्या डब्यांतून शेंगदाणे आणि हिरव्या मिरच्या गोळा केल्या, गूळ-चिंच मंगलकडून मागवली. ती स्वतःच घेऊन आली आणि मला कुटताना बघून म्हणाली, "आला नाहीत तोवर लागला का वाढायला?" मी पपई विळीवर बारीक चिरली आणि कुटली. बँकॉकच्या बाईची आठवण ठेवून गूळ, मीठ, तिखट वेगवेगळ्या पानांवर काढून मधे ठेवलं. "ज्याला जसं लागेल तसं घ्या," म्हटलं. बायांना फार मजा वाटली. एकीनं इतकं तिखट घातलं की ती पाणी पाणी करत विहिरीकडं पळाली. अण्णांनी द्राक्षाच्या पानावर चिमूटभर घेतलं, खाल्लं, बराच वेळ चावत राहिले. मग पुन्हा घेतलं. मग मांडी घालून नीट बसले आणि पान पुढं केलं. मी वाढलं. मंगल माझ्याकडं बघत होती आणि मी तिच्याकडं बघायचं टाळत होतो, कारण बायांसमोर डोळे पुसायचे नव्हते.

शेठकडं गेलो तेव्हा त्यांनी गल्ल्यावर मुलाला बसवलं आणि मला आतल्या गादीवर नेलं. सगळं पहिल्यापासून सांग म्हणाले. रश्श्यापाशी त्यांनी हात वर केला. "थांब. त्यातून कोळंबी काढली, लसूण काढला, आलं काढलं. काय राहिलं?"

"गवती चहा, लिंबू आणि मिरची."

"मग तेवढंच नीट सांग." आणि त्यांनी डोळे मिटले. मी सांगत गेलो तसतशी त्यांच्या तोंडाची हालचाल होत होती. पुढच्या आठवड्यात शेठाणींनी तसं पाणी उकळून बघितलं म्हणे. शेठ आजही ते पितात आणि गिऱ्हाइकाला सांगतात, हे बँकॉकचं आहे.

त्या हंगामानं माझ्या कामातही थोडा फरक पडला. सहलीत मी पिठलं-भात करतोच, हेडमास्तरांचे डोळे पुसायला कुणीतरी पाहिजे. पण रोज सकाळी तासभर मी बाहेर पडतो, कुठल्या तरी गाडीपुढं बसतो आणि मुकाट्यानं खातो. कधीकधी एखादी धीट आजी माझ्याबरोबर येते. परतताना ती माझ्या हातावर टाळी देते, जणू आम्ही दोघांनी शाळा बुडवली.

आणि अण्णा? घरी असलो की त्यांची भाजी मी करायची, हे ठरून गेलं. मंगल म्हणते, सासऱ्यांनी बावीस वर्षांची थकबाकी वसूल करायला काढलीय. हे नाही, ते कर. कालचं पुन्हा कर. पुढच्या वर्षी बाग चांगली उतरली तेव्हा त्यांनी स्वतःहून पासपोर्टचे फोटो काढून आणले. धोतर, टोपी आणि अगदी पोलीस ठाण्यात बसल्यासारखा चेहरा. मे महिन्यात कंपनीची श्रीलंकेची सहल निघाली, आणि तिच्यात राजुरीचे अण्णा होते.

कँडीला हॉटेलच्या मागच्या अंगणात मी चाळीस माणसांचं पिठलं रांधलं. पंगत बसली. वाढत वाढत शेवटापर्यंत गेलो तर अण्णांची जागा रिकामी. जीव घाबरा झाला. परका गाव, म्हातारा माणूस, भाषा येत नाही. बादली तशीच ठेवून रस्त्यावर धावलो.

समोरच्या बाजूला एक टपरी होती. माणूस छोट्या कढईत पीठ फिरवून वाटीसारखे आप्पे काढत होता. कडा कुरकुरीत, मधे मऊ. त्याच्यासमोर बाकावर अण्णा बसले होते, टोपी मांडीवर काढून ठेवलेली, ओठांना खोबऱ्याची लाल चटणी लागलेली.

"अण्णा, तिकडं पंगत बसलीय. पिठलं केलंय."

"माहीत हाय. वास आला." त्यांनी आप्प्याची कड मोडली. "तुझ्या हातचं घरी रोज खातोय की. हितं यांच्या हातचं खाऊ दे. आन् तू जा, मान्सं खोळंबली आसत्याल."

मी हसतच वळलो. रस्ता ओलांडताना मागून त्यांचा आवाज आला. टपरीवाल्याला ते ठणठणीत राजुरीच्या मराठीत सांगत होते, "भाऊ, आजून एक टाक. कडंनं जरा खरपूस व्हऊ दे." आणि त्या भल्या माणसानं तापल्या कढईत पुन्हा पीठ सोडल्याचा चर्र असा आवाज मला स्पष्ट ऐकू आला.